बदली ड्रायव्हर

बगळीनं लाथ मारली आणि पितळी गंज गडगडत गुरांच्या कोठ्याच्या भिंतीला जाऊन धडकला. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर त्यात ओंजळभर दूध जमलं होतं, तेही शेणात गेलं. पुंडलिकराव मागच्या मागे कोलमडले आणि नेमके सरकीच्या ढेपेच्या टोपल्यात जाऊन बसले.

"झालं समाधान?" टोपल्यात बसल्याबसल्याच त्यांनी गाईला विचारलं. "मारून घेतली लाथ? आता तरी देशील का दूध?"

बगळीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. नावासारखीच पांढरी गवळाऊ गाय, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी. भलत्याच घरी उतरलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं तिनं पाहिलं आणि पुन्हा कुटारात तोंड घातलं.

पुंडलिकराव उठले. पायजम्याला चिकटलेली ढेप झटकता झटकता त्यांच्या मनाला फार लागलं. एकतीस वर्षं त्यांनी एसटीची गाडी चालवली होती. तळेगाव डेपोत त्यांच्या नावावर साधा ओरखडा नव्हता. विनाअपघात सेवेचा बिल्ला बैठकीत खिळ्याला टांगलेला होता आणि आल्यागेल्याला तो दिसेल अशी खुर्चीही त्यांनी बरोबर त्याच्यासमोर ठेवली होती. वळणावर समोरून भरधाव ट्रक आला तरी ज्याचे हात कापले नाहीत, त्या माणसाला घरच्या गाईनं चार दिवसांत तीन वेळा लोळवलं होतं.

बरोबर पाच दिवसांपूर्वी यशोदाबाई याच कोठ्यात पडल्या होत्या. पहाटे शेण काढताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई घातली. मुलगी हर्षा सिंदी रेल्वेहून धावत आली आणि आईच्या उशाशी बसली. होळी पंधरा दिवसांवर होती, बगळीला व्यायला जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि वाडीत उन्हाळी भाजीचे वाफे नुसते आखून पडले होते. नेमकी अशी वेळ.

जीपमध्ये चढवताना यशोदाबाईंचा चेहरा वेदनेनं पांढरा पडला होता. तरी त्यांनी नवऱ्याची बाही घट्ट धरली.

"आयका. मी परत येईन तवा बगळी खुट्याले दिसली पायजे. बाकी मी काही मागत नाई."

"बरं बरं," पुंडलिकराव म्हणाले होते. जीप गेल्यावर त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. अडतीस वर्षांच्या संसारात या बाईनं याआधी काय मागितलं होतं? एकही गोष्ट आठवेना. मग त्यांना शंका आली की तिनं मागितलं असेल, आपल्यालाच ऐकू आलं नसेल.

बोरखेडी हे तळेगावपासून पाच किलोमीटरवरचं, जंगलाला खेटून असलेलं गाव. घरामागे अर्ध्या एकराची वाडी, एक विहीर, कोठ्यात बगळी आणि तिचं वासरू, तीन बकऱ्या आणि डझनभर कोंबड्या. हा सगळा कारभार यशोदाबाईंचा. पुंडलिकराव पहाटे साडेचारला घर सोडत आणि अंधार पडल्यावर परतत. सुट्टीच्या दिवशी ते झोपत. रिटायर झाल्यापासून चार वर्षं मात्र ते अंगणात पेपर घेऊन बसत आणि दर आठ दिवसांनी एक वाक्य न चुकता म्हणत, "हे सारं इकून टाक आता. काऊन हाडं घासून राह्यली?"

त्यावर यशोदाबाई काही बोलत नसत. बोलायला वेळ तरी कुठे होता त्यांना?

त्या दिवशी सकाळी टोपल्यातून उठल्यावर पुंडलिकरावांनी ताराचंदला फोन लावला. ताराचंद म्हणजे तळेगावच्या बाजारातला जनावरांचा व्यापारी, माणूस सरळ.

"ताराचंदजी, गाय द्याची हाय. ताजी व्यालेली हाय, पन दूध चोरते. कासेले हातच लावू देत नाई."

"मी सध्या अमरावतीकडं हाय, डायवरसाहेब. होळी झाली का पुढच्या रविवारी येतो टेंपो घेऊन. चालन?"

"चालन," पुंडलिकराव म्हणाले. फोन खिशात ठेवला आणि त्यांना बायकोची बाही धरलेली बोटं आठवली. पण करणार काय? गुरांच्या डॉक्टरांनी कालच बजावलं होतं. दूध कासेत साचलं तर कास सुजेल, गाय आटून जाईल. वासरू पिऊन पिऊन किती पिणार? त्याला आधीच हगवण लागली होती. आटलेली, आजारी गाय खुंट्याला बांधून ठेवण्यापेक्षा ती चांगल्या घरी गेलेली बरी, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. समजूत काही नीट बसली नाही.

कुंपणापलीकडून जिजा हे सगळं बघत होती. जिजा आणि तिचा नवरा गोमाजी हे शेजारचं गोंडाचं घर. फाल्गुन लागला की जिजा उजाडायच्या आत जंगलात मोहाची फुलं वेचायला जायची आणि या वेळेला भरलं टोपलं डोक्यावर घेऊन परतायची.

"भाऊ, काऊन गाईसंगं भांडून राह्यले?"

"मी कायले भांडू? थेच भांडून राह्यली माह्याशी."

जिजानं टोपलं कुंपणाच्या खांबावर टेकवलं. "गाय तुमाले वळखत नाई, भाऊ."

"अवो, चार वर्सं झाले मी घरी हाय!"

"घरी हाय. कोठ्यात कवा आलते?" तिनं हे अगदी साधेपणानं विचारलं, म्हणून ते जास्तच झोंबलं. "गाय वासानं वळखते. थे पाहा, खुंटीवर यशोदाबाईचं हिरवं पातळ हाय ना, थे रोज अंगाले गुंडाळून बसते बाई दूध काहाडाले. थे घ्या तुमी. पदर डोक्यावर घ्या अन् बसा."

"मी? पातळ?"

"माही स्वीटी झाली तवा मी दोन महिने माह्येरी होती. आमच्या गोमाजीनं माह्यं लुगडं नेसून गाय काहाडली. पह्यले दोन दिवस गाव हासलं. तिसऱ्या दिवशी कोनी हासत नाई भाऊ, लोकायले बी आपापलं काम राह्यते."

जिजा टोपलं उचलून गेली. पुंडलिकराव खुंटीवरच्या पातळाकडे बघत उभे राहिले. जुनं सुती पातळ, हिरव्याचा रंग उडून पोपटी झालेलं, एका कोपऱ्याला ठिगळ. एसटीचा खाकी गणवेश त्यांनी आयुष्यभर कडक इस्त्रीचा घातला होता. आणि आता हे?

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी आधी अंगणाचं फाटक लावलं, मग कोठ्याचं दार लोटून घेतलं, आणि कोणी बघत नाही याची दोनदा खात्री केली. मग पातळ कमरेला गुंडाळलं आणि उरलेलं डोक्यावरून घेतलं. धुराचा, ढेपेचा, शेणाचा आणि खोबरेल तेलाचा वास त्यांच्या नाकात शिरला. अडतीस वर्षं हा वास घरात होता. तो अंगाच्या इतक्या जवळ आला आणि पुंडलिकराव क्षणभर तसेच उभे राहिले. घरात किती दिवसांपासून सामसूम आहे हे त्यांना तेव्हा कळलं.

वासरू सोडलं, दोन घोट पिऊ दिलं, मग ओढून बगळीच्या पुढ्यात बांधलं. ते खाली बसले. बगळीनं पातळ हुंगलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. लाथ मारली नाही, पण पान्हाही सोडला नाही. कान मात्र तिनं मागे वळवले होते, काहीतरी ऐकायची वाट पाहत असल्यासारखे.

त्यांनी तिथूनच फोन लावला. दवाखान्यात सहालाच जाग असते.

"दूध काहाडताना तू काही म्हनते का गाईले?"

"म्हनत काई नाई," यशोदाबाईंचा आवाज खोल गेलेला होता. "बोलते तिच्यासंगं. आज काकडी लावाची हाय, हर्षाचा फोन आलता, बकरी लंगडून राह्यली, असं. काऊन? देत नाई का दूध?"

"देते ना! दोन लिटर देते," पुंडलिकरावांनी धडधडीत थाप मारली. "सहज इचारलं. पन गाईले काऊन सांगते हे सारं?"

"पहाटी घरात दुसरं कोन राह्यत होतं?" यशोदाबाई म्हणाल्या.

हे त्या रागानं बोलल्या नव्हत्या. पुंडलिकरावांनी फोन ठेवला आणि गाईशी काय बोलावं याचा विचार करू लागले. काकडीतलं त्यांना काही कळत नव्हतं. बकरी कोणती लंगडते हेही माहीत नव्हतं. माणसाला जे येतं तेच तो बोलणार. त्यांनी घसा खाकरला आणि हळू आवाजात सुरू केलं.

"तळेगाव. पाच वाजून दहा मिनिटं. दुधवाले चढले, त्यायच्या कॅना मागं ठेवल्या. आर्वी. इथं चहा. कंडक्टर महादेवराव पान खाते, आपन नाई खात. आर्वीले शाळेच्या मास्तरीन बाई चढते, खिडकी पायजे तिले. मंग खरांगना..."

खरांगण्याला बगळीनं पान्हा सोडला.

पहिली धार गंजाबाहेर, जमिनीवर गेली. दुसरी पितळेवर वाजली. मग तिसरी, चौथी. पुंडलिकराव बोलायचे थांबले तशी धार बारीक झाली, म्हणून ते घाईघाईनं वर्ध्याच्या स्टँडवर पोचले आणि लगेच परतीच्या फेरीला लागले. गंज भरत आला तेव्हा त्यांचे हात भरून आले होते आणि पाठ मोडली होती. हे काम ती रोज दोनदा करत होती. त्यानंतर शेण, मग पाणी, मग वाडी, मग त्यांचा डबा.

बसल्या जागी त्यांना आपला निरोप समारंभ आठवला. डेपोत मांडव घातला होता. शाल, श्रीफळ, हार. त्यांनी कागदावर नावं लिहून नेली होती, कुणी राहू नये म्हणून. डेपो मॅनेजर, कंडक्टर महादेवराव, मेकॅनिक, टायर बदलणारा पोरगा, कँटीनवाला, सगळ्यांचे त्यांनी आभार मानले. यशोदाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. भाषण संपायच्या आधीच उठून गेल्या, गाईची धार काढायची वेळ झाली होती म्हणून. त्यांचं नाव कागदावर नव्हतं. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती हे खरं, पण खरं सांगायचं तर ते त्यांना सुचलंच नव्हतं. एकतीस वर्षं आपली गाडी वेळेवर सुटली ती कुणाच्या जिवावर, हे आत्ता, गाईच्या पोटाला डोकं टेकवून बसल्यावर त्यांना समजलं. डोळे भरून आले. पदर हाताशीच होता, त्यांनी तो वापरला.

त्या दिवसापासून पुंडलिकरावांनी घराचं टाइमटेबल लावलं. पाच दहा बगळी, पाच पन्नास बकऱ्या, सहा वीस कोंबड्या, सहा चाळीस वाडी. बकऱ्यांना टाइमटेबल मान्य नव्हतं, पण ड्रायव्हरनं हार मानली नाही. लाल कोंबडी खुडूक झाली तेव्हा त्यांनी तिच्याखाली बारा अंडी मांडली. डझन म्हणजे डझन. जिजानं येऊन एक अंडं काढून घेतलं. "अंडे जोडीत नाई ठेवत भाऊ, नऊ ठेवा, अकरा ठेवा, पन जोडी नाई." का, ते तिलाही सांगता आलं नाही, आणि काढलेलं अंडं ती घरी घेऊन गेली.

वाडीत मात्र मोठा घोळ झाला. यशोदाबाईंनी फोनवर सगळं नीट सांगितलं होतं. ढेमसाचं बी राखेच्या मडक्यात आहे, ओल्या कापडात बांधून दोन रात्री शेणखताच्या उबेला ठेवायचं, मोड आले की वीतवीत अंतरावर लावायचं. पुंडलिकरावांनी सुतळी ताणून, टेप धरून, मिलिटरीच्या शिस्तीत बी लावलं. आणि मग विहिरीची मोटर सुरू करून पाइप पूर्ण जोरात वाफ्यात सोडला. सगळं बी वाहत जाऊन एका कोपऱ्यात गोळा झालं. हे त्यांना कळलं तेव्हा आठ दिवस झाले होते. बाकीचा वाफा मोकळा, आणि कोपऱ्यात ढेमसाच्या रोपांची ही गर्दी, स्टँडवर उशिरा आलेल्या गाडीच्या दाराशी होते तशी.

"काही बोलजो नोको तिले," ते जिजाला म्हणाले.

"मी कायले बोलू," जिजा म्हणाली. ती बोलणार हे दोघांनाही माहीत होतं.

पण बगळी दूध देत होती. दवाखान्यातून सुटी होऊन यशोदाबाई हर्षाकडे सिंदीला गेल्या होत्या, आणि तिथं रोज सकाळी फोनवर पुंडलिकराव सांगत, "दोन लिटर". आता ते खरं होतं. वासराची हगवण थांबली, ते अंगणात उड्या मारू लागलं. होळी आली, गेली. मागच्या जंगलात पळसाच्या फुलांनी झाडं पेटली, आंब्याला बोराएवढ्या कैऱ्या दिसू लागल्या. पुंडलिकराव सकाळी दूध काढून उभे राहत आणि त्यांना वाटे, आपण इथं राहून हे कधी पाहिलंच नव्हतं. पहाटेच्या गाडीत त्यांचे डोळे सगळी वर्षं रस्त्यावर होते.

या सगळ्या धांदलीत ताराचंदला नाही म्हणायचं मात्र ते साफ विसरले.

रविवारी सकाळी अंगणात टेंपो येऊन थांबला. पुंडलिकराव बगळीखाली बसले होते, डोक्यावर पदर, पाठ दाराकडे, गाडी आर्वीच्या पुढे निघालेली. त्यांना टेंपोचा आवाज आला, पण हात गुंतलेले.

"ओ काकू," दारातून आवाज आला, "डायवरसाहेब हायेत का घरी?"

पुंडलिकराव जागच्या जागी थिजले. पळून जावं तर कुठे? एकच दार, त्यात ताराचंद उभा. शेवटी त्यांनी मान वळवली.

"मीच हाय," ते म्हणाले.

ताराचंदनं तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. पांढऱ्या मिशा, वर हिरवा पदर. त्याच्या मागे टेंपोवाला आला, त्यानंही पाहिलं आणि तो लगेच टेंपोचे टायर तपासायला गेला.

"थे... गाय वासानं वळखते," पुंडलिकराव म्हणाले.

"हो ना, बरोबर हाय," ताराचंद म्हणाला. माणूस सभ्य होता. हसू आवरायला त्यानं खाली वाकून कास पाहिली, गंज पाहिला. मग त्याच्यातला व्यापारी जागा झाला. "डायवरसाहेब, गाय तं झकास हाय. तुमी म्हनलं दूध चोरते?"

"चोरत होती."

"मंग तं अजून चांगलं. असं जनावर बाजारात येत नाई आता. घेऊन जातो मी. चांगल्या घरी देईन, शब्द हाय माहा."

पुंडलिकरावांच्या हातातली धार थांबली. काल रात्रीच्या जेवणाआधी हर्षाचा फोन आला होता. मागची खोली रंगवून घेतली आहे, म्हणाली. "बाबा, आईले आता हे झेपनार नाई. तिच्यापुढं बोलू नोका, पन गाय गेली म्हंजे ती आपोआप इकडं राहीन." पोरगी चुकीचं काहीच बोलत नव्हती. त्यांचे स्वतःचे गुडघे गेले पंधरा दिवस ठणकत होते. टेंपो दारात उभा होता. आत्ता हो म्हटलं की उद्यापासून पेपर आणि खुर्ची.

त्यांनी डोक्यावरचा पदर काढला नाही.

"ताराचंदजी, चूक माही झाली, तुमाले फोन करून सांगाचं राहून गेलं. ही गाय माही नाई, तिची हाय. मी बदली डायवर हाय. डूटीवरचा डायवर दवाखान्यात गेला म्हनून गाडी माह्या हाती आली. बदली डायवर गाडी चालवते. इकत नाई."

ताराचंदनं चपला दाराबाहेर काढल्या आणि कोठ्याच्या उंबऱ्यावर बसला. "चहा तं पाजान का याच दुधाचा?"

चहा पिऊन टेंपो रिकामा परत गेला. दुपारपर्यंत ही बातमी तळेगावच्या बाजारात पोचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चार जण काही ना काही निमित्तानं कुंपणापाशी घोटाळून गेले. तिसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. जिजाचा हिशेब अगदी बरोबर निघाला.

पाडव्याच्या दोन दिवस आधी यशोदाबाई घरी आल्या.

जीपमधून उतरल्या, वॉकर पुढे ठेवला आणि घराकडे न वळता सरळ कोठ्याकडे निघाल्या. हर्षा "आई, आधी बस तं खरी" म्हणत मागे धावली. बगळीनं त्यांना दुरूनच पाहिलं आणि अशी हंबरली की बकऱ्यासुद्धा गप्प झाल्या. यशोदाबाई खुंट्यापाशी पोचल्या, गाईच्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. बगळी त्यांचा हात, मनगट, वॉकरचा दांडा, सगळं चाटत होती.

"हाय ना?" पुंडलिकराव म्हणाले.

"हाय," यशोदाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी वाडी पाहिली. लाल कोंबडी नऊ पिलं घेऊन उकिरड्यावर हिंडत होती. काकडीनं दोन-दोन पानं टाकली होती. कोपऱ्यातल्या ढेमसांकडे मात्र त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे काय? सारे एकाच ठेसनावर उतरले?"

"पानी जरा जोरात सुटलं," पुंडलिकराव म्हणाले. कुंपणापलीकडे जिजा एकदम खाली वाकून काहीतरी शोधू लागली.

संध्याकाळी दूध काढायची वेळ झाली. यशोदाबाईंनी गंज मागितला. तो हातात घेतला, आणि सवयीनं खाली बसायला गेल्या. हर्षानं पटकन दंड धरला.

"आई! डाक्टरनं काय सांगतलं? उकिडवं बसाचं नाई."

"आजच्या दिस."

"आज नाई, कवाच नाई. आता कवाच बसता येनार नाई तुले तसं."

हे यशोदाबाईंना दवाखान्यात सांगितलं होतं, सिंदीत सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि हातात गंज घेऊन गाईजवळ उभं राहणं वेगळं. त्यांनी एकदा त्या जागेकडे पाहिलं, जिथली जमीन त्यांच्याच बसण्यानं गुळगुळीत झाली होती. फार वाईट वाटलं त्यांना, आणि ते चेहऱ्यावर दिसलंही. मग त्यांनी गंज नवऱ्याच्या हातात दिला.

हर्षानं बैठकीतली खुर्ची आणून कोठ्यात ठेवली. बिल्ल्यासमोरचीच ती खुर्ची. यशोदाबाई बगळीच्या मानेजवळ बसल्या. पुंडलिकराव नुसत्या सदऱ्यावर खाली बसले. लेकीसमोर आणि बायकोसमोर पातळ गुंडाळायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी वासरू बांधलं, कासेला पाणी लावलं, हात घातला. बगळीनं पाय झटकला.

"काऊन नाई देऊन राह्यली?" यशोदाबाईंनी विचारलं. "फोनवर तं रोज दोन लिटर देत होती."

पुंडलिकरावांनी गंज उगाच सरळ केला.

"भाऊले इचारा बाई," कुंपणावरून जिजाचा आवाज आला, "पातळ कुठं हाय म्हना!"

मायलेकींनी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुंडलिकराव उठले, खुंटीवरचं हिरवं पातळ काढलं, मुकाट्यानं कमरेला गुंडाळलं आणि डोक्यावरून घेतलं. हर्षा तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली. यशोदाबाई हसू लागल्या. एवढ्या हसल्या की सळईचा पाय दुखला, तरी हसतच राहिल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

"इकडं या," त्या म्हणाल्या. "असा नसते घेत पदर. धारंत पडन तो."

ते खुर्चीपुढे वाकले. यशोदाबाईंनी पदर सोडवला, डोक्यावरून नीट घेतला, कानामागे सरकवला आणि टोक कमरेला खोचून दिलं. मग ते आपल्या जागी बसले. तळेगाव, आर्वी. आज खरांगण्यापर्यंत जावंच लागलं नाही. त्यांनी पहिली धार जमिनीवर सोडली, मग गंज खाली धरला.

"हे तुमाले कोनं सांगतलं?" यशोदाबाईंनी विचारलं. "पह्यली धार जमिनीले द्याची, हे?"

पुंडलिकराव थांबले. त्यांनी स्वतः कधी याचा विचार केला नव्हता. "कोनी नाई," ते म्हणाले. "तू करत होती ना. अंगणातून दिसे मले."

त्यांनी पुन्हा धार धरली.

"मी ताराचंदले फोन केलता," ते गाईच्या पोटाकडे तोंड करून म्हणाले. "पह्यल्या आठवड्यात."

"मालूम हाय. टेंपो रिकामा गेला, थे बी मालूम हाय."

अजून दोन धारा वाजल्या. "यशोदा," ते म्हणाले. हे नाव त्यांच्या तोंडून शेवटचं कधी निघालं होतं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. "निरोपाच्या दिवशी मी साऱ्यायचं नाव घेतलं. तुयं राहून गेलं. तुया एकटीच्या भरवशावर मी गाडी चालवली, अन् तुयंच राह्यलं."

यशोदाबाईंचा एक हात बगळीच्या मानेवर होता. दुसरा त्यांनी पुढे केला, आणि नवऱ्याच्या डोक्यावरून घसरू लागलेला पदर पुन्हा जागेवर बसवला.

गंज भरत आला होता. वासरू दावं ताणत होतं.

"पुरे आता," यशोदाबाई म्हणाल्या. "बाकीचं त्याले राहू द्या."